पीपीएल (खासगी वैमानिक परवाना): माझी खर्चाची वही, आणि हाताला काय लागलं

लेथवाला_उद्यमनगर (धागाकर्ता) | रविवार, रात्री ९:४०

मंडळी, परवाना मिळाल्यापासून भेटेल तो एकच प्रश्न विचारतो, "एकूण किती गेले?" लग्नात पाहुणे विचारतात, बँकेत साहेब विचारतात, जॉब टाकायला आलेली पार्टी विचारते. तोंडी सांगितलेला आकडा रंकाळ्यापासून बिंदू चौकापर्यंत जाईतोवर दुप्पट होतो. म्हणून आज वहीच उघडून बसलोय.

वय ४३. उद्यमनगरात छोटं मशीनशॉप आहे. दहावी मराठी माध्यमातून, मग आयटीआय. नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरुवात केली, फेब्रुवारी २०२५ मध्ये परवाना हातात पडला. धंदा सांभाळून, कोल्हापूरबाहेरच्या एका संस्थेत जाऊन-येऊन शिकलो.

नियमाने किमान ४० तास उड्डाण लागतं. त्यात किमान २० तास एकट्याने, आणि त्यातलेही ५ तास एकट्याने लांबच्या पल्ल्याचे. त्यात एक फेरी किमान १५० नॉटिकल मैलांची, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. ही चाळीसची ओळ सगळ्या माहितीपत्रकांत असते आणि घरचं बजेट तिच्यावरच ठरतं. मला ५२ तास लागले. माझ्याबरोबरच्यांपैकी चाळीसमध्ये कुणीच बसला नाही. आठवड्याला एकदा उडणारा माणूस मागच्या वेळचं अर्धं विसरून येतो, आणि तासातली पहिली वीस मिनिटं ते परत हातात बसवण्यात जातात.

आता आकडे. पहिले ३० तास १३,५०० रुपयांनी, म्हणजे ४,०५,०००. मग दर वाढला. उरलेले २२ तास १५,००० ने, ३,३०,०००. ग्राउंड क्लास ४५,०००. मेडिकल आणि त्याच्या तपासण्या ९,०००. परीक्षा, रेडिओ परवाना आणि इतर शुल्कं मिळून २०,०००. हेडसेट २८,०००. पुस्तकं, नकाशे, नॅव्हिगेशनची चकती १२,०००. शेवटच्या परीक्षेचं विमान आणि परीक्षक ३५,०००. जाण्यायेण्याच्या आणि राहण्याच्या २७ फेऱ्या, फेरीला सरासरी ४,००० धरले तर १,०८,०००. बेरीज ९,९२,०००.

यात शॉप बंद ठेवलेले किंवा कामगारांवर सोडलेले दिवस नाहीत. ते साधारण सत्तर भरतात.

एक खर्च मात्र आधी कुणीच सांगितला नव्हता. पैसे मोजले जातात ते इंजिन चालू असलेल्या वेळेचे. प्रवासी विमानांची वर्दळ असलेल्या तळावर धावपट्टीच्या तोंडाशी दहा-पंधरा मिनिटं उभं राहावं लागतं, आणि पंखा फिरतोय म्हणजे मीटर फिरतोय. पण तिथे कंट्रोलरशी बोलायची जी सवय लागते ती रिकाम्या माळावरच्या पट्टीवर लागत नाही. मला विचाराल तर पहिले पंधरा तास शांत तळावर आणि नंतर वर्दळीत, असं जमलं तर सोन्याहून पिवळं.

आणि परवाना मिळाल्यावर खर्च संपत नाही. हात चालू ठेवायचा तर महिन्याला निदान तासभर उडायलाच लागतं. सध्या त्याचे सोळा हजार मोजतो.

मिळालं काय, ते उद्या लिहितो. आज आकड्यांवर प्रश्न असतील तर विचारा.

---

कागलकर_७ | रविवार, रात्री १०:१५

दादा, वही उघडल्याबद्दल मनापासून आभार. एक शंका. या परवान्यावर पैसे कमावता येतात का? म्हणजे कुणाला पुण्याला सोडलं, फोटोग्राफरला वर नेलं, असं?

---

लेथवाला_उद्यमनगर | रविवार, रात्री १०:३१

नाही. पीपीएलवर मोबदला घेऊन कुणालाही नेता येत नाही. स्वतः उडा, घरच्यांना-मित्रांना न्या, पण भाडं नाही आणि पगार नाही. त्यासाठी सीपीएल, म्हणजे व्यावसायिक परवाना लागतो आणि तिथे २०० तास लागतात. माझ्याकडे उपकरणांवर उडायचं रेटिंगही नाही, म्हणून ढगात शिरता येत नाही. नजरेवर उडायचं, म्हणजे आपल्याकडे सूर्योदयाच्या वीस मिनिटं आधीपासून सूर्यास्तानंतर वीस मिनिटांपर्यंत. त्यामुळे "विमान शिकलास, आता रोज मुंबईला जाशील" हे डोक्यातून काढा. वेळ वाचवायचा असेल तर रेल्वे बरी.

---

राजारामपुरी_आई | सोमवार, सकाळी ७:५०

नमस्कार दादा. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्सला. तिला वैमानिकच व्हायचंय. आम्ही दोघंही शिक्षक. सीपीएलचा आकडा ऐकून झोप उडाली आहे. एका काउन्सेलरनी सांगितलं की आधी पीपीएल करून बघा. हा सल्ला योग्य आहे का? पैसे पहिल्याच दिवशी एकरकमी भरले तर सवलत देतो असंही एका ठिकाणी म्हणाले.

---

बावीस_तास | सोमवार, सकाळी ८:२२

ताई, एकरकमी भरू नका. हात जोडून सांगतो.

मी भरले होते. संस्थेचं नाव घेत नाही, प्रकरण आता मिटलंय. प्रवेशाच्या दिवशी हँगरमध्ये पाच विमानं दाखवली. प्रत्यक्षात उडणारी दोन होती. बाकीची कुठल्या ना कुठल्या सुट्या भागासाठी उभी. एका विमानामागे किती मुलं आहेत हे मी विचारलंच नाही, विचारायचं असतं हे ठाऊकच नव्हतं. चौदा महिन्यांत माझे २२ तास झाले. त्यातली तीन महिन्यांची गॅप अशी की परत बसलो तेव्हा सुरुवातीपासून उजळणी. उरलेले पैसे परत मिळवायला दीड वर्ष गेलं, तेही पूर्ण नाहीत. वडिलांनी जयसिंगपूरची जागा विकून दिले होते. त्यांनी मला आजवर एका शब्दाने बोलून दाखवलेलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

म्हणून सांगतो, पाच-दहा तासांचे पैसे भरा, उडा, मग पुढचे भरा. प्रवेशाआधी दोन दिवस तळावर नुसतं जाऊन बसा. सकाळपासून किती विमानं उडाली ते मोजा. चहाच्या टपरीवर तिथल्या मुलांशी बोला, ती खरं सांगतात. आणि प्रत्येक उड्डाणाची लॉगबुकातली सही त्याच दिवशी घ्या. मी उशीर केला आणि दोन तासांसाठी भांडावं लागलं.

---

डॉक्टर_ताराबाई_पार्क | सोमवार, सकाळी ९:०५

राजारामपुरी_आई, सगळ्यांत आधी मेडिकल. पीपीएलला क्लास २ लागतं, सीपीएलला क्लास १. ते डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) यादीतल्या डॉक्टरांकडेच होतं, आमच्यासारख्यांच्या सर्टिफिकेटवर नाही. पैसे भरून झाल्यावर रंगदृष्टीत दोष निघाला अशी दोन मुलं माझ्याकडे रडत आली होती. ठिपक्यांतून आकडा ओळखायची ती साधी चाचणी कुठल्याही नेत्रतज्ज्ञाकडे पाच मिनिटांत होते. लाल-हिरव्यातला हा दोष मुलांमध्ये जास्त, मुलींमध्ये फार कमी, पण तरी बघून घ्या. चष्मा असेल तर घाबरू नका, चष्म्याने दृष्टी नीट होत असेल तर चालतं. कान, रक्तदाब, साखर, ईसीजी हेही आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे करून घ्या. आणि मुलीला कुठलं औषध चालू असेल तर लपवू नका.

---

लेथवाला_उद्यमनगर | सोमवार, दुपारी १:४०

डॉक्टरांनी लिहिलंय तेच पहिलं पाऊल. ताई, काउन्सेलरचा सल्ला चुकीचा नाही, कारण पीपीएलचे तास पुढे सीपीएलच्या दोनशेत धरले जातात. वयही बसतंय. सोळाव्या वर्षी विद्यार्थी परवाना मिळतो, सतराव्या वर्षी पीपीएल, अठराव्या वर्षी सीपीएल. बारावीला फिजिक्स-मॅथ्स आहे ना तेवढं बघा. पण मी तुमच्या जागी असतो तर पीपीएलही लगेच सुरू केलं नसतं. आधी एक तास, फक्त एक, प्रशिक्षकाबरोबर. एप्रिलच्या दुपारी. गार हिवाळी सकाळी विमान सगळ्यांनाच आवडतं. उन्हाने तापलेल्या जमिनीवरून छोटं विमान कसं उसळतं ते तिने आधी पोटात अनुभवावं. नंतरही तिला परत जावंसं वाटलं तर निम्मा निर्णय तिथेच झाला.

---

वायुदल_निवृत्त_काका | सोमवार, दुपारी ४:१२

एप्रिलच्या दुपारीच का, ते मुलांना नीट समजू दे. मी २४ वर्षं इंजिनांवर काम केलंय, म्हणून थोडं पाल्हाळ लागेल.

आपला उजळाईवाडीचा तळ, म्हणजे कोल्हापूरचा विमानतळ, समुद्रसपाटीपासून साधारण २००० फुटांवर आहे. त्या उंचीला प्रमाण तापमान धरतात ११ अंश. एप्रिलात दुपारी आपल्याकडे ३८ होतं, म्हणजे २७ अंश जास्त. एका अंशाला साधारण १२० फूट धरायचे. सत्तावीस गुणिले एकशेवीस, सव्वातीन हजार. त्यात मूळचे दोन हजार मिळवा. म्हणजे विमान उभं आहे उजळाईवाडीत, पण त्याच्या इंजिनाला, पंख्याला आणि पंखांना हवा मिळते ती पाच हजार फुटांवरची. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी, पंख्याची ओढ कमी, आणि पंखांना उचल मिळायला जमिनीवर जास्त वेगाने धावावं लागतं. पट्टी जास्त खाल्ली जाते आणि वर चढणं संथ. यालाच डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात.

यात सेसना १५२ सारखं दोन माणसांचं विमान घ्या. एकूण वजनाची मर्यादा ७५७ किलो. रिकाम्या विमानाचं वजन आणि पूर्ण टाकी वजा केली की दोन माणसं आणि पिशवी यांना मिळून पावणेदोनशे किलोच्या आसपास उरतात. दोन धट्टेकट्टे कोल्हापूरकर बसले की टाकी कमी भरावी लागते. हा हिशोब दर उड्डाणाआधी कागदावर करायचा असतो, अंदाजाने नाही. ज्या संस्थेत मुलगा हा कागद न करता विमानात बसतो, तिथून पोरगी परत आणा.

---

लेथवाला_उद्यमनगर | सोमवार, रात्री ९:२०

काका, हा हिशोब कुणी मराठीत असा मांडून दिला असता तर माझा एक आठवडा वाचला असता. परीक्षेला ७० टक्के लागतात. मला गणिताचं भय नव्हतं, इंग्रजीचं होतं. हवाई नियम, नॅव्हिगेशन, हवामान, विमान-इंजिन, सगळं इंग्रजीत. त्यातून रेडिओचा परवाना वेगळा. माझ्या वेळी तो दूरसंचार खात्याच्या वायरलेस विभागाकडे होता, आता नव्या विमान कायद्याने डीजीसीएकडे आलाय. त्याची तयारी मी शॉपवर केली. मशीन कट घेत असायचं आणि मी मोठ्याने बोलत असायचो, "व्हिक्टर टँगो..." आपल्या देशातल्या सगळ्या नागरी विमानांचे नोंदणी क्रमांक व्ही-टीने सुरू होतात, आणि रेडिओवर ती अक्षरं अशी म्हणतात. माझा हेल्पर दोन महिन्यांत अक्षरांचे सगळे उच्चार पाठ म्हणायला लागला. आज चाळिशीत मला कुठल्याही साहेबाशी इंग्रजीत थेट, थोडक्यात बोलता येतं. ही कमाई मी वहीत कुठल्या रकान्यात लिहू ते कळत नाही, पण शॉपची दोन एक्स्पोर्टची कामं त्यानंतर आलीत.

आता कबूल केल्याप्रमाणे, मिळालं काय.

पहिलं एकट्याचं उड्डाण सगळे सांगतात, मी दोनच गोष्टी सांगतो. प्रशिक्षक उतरला की विमान हलकं होतं आणि अपेक्षेपेक्षा लवकर जमीन सोडतं. तेवढ्यानेच काळजात धस्स होतं. आणि डावीकडे वळताना उजव्या रिकाम्या खुर्चीवर पट्टा नीट बांधून ठेवलेला दिसतो. प्रशिक्षकाने जाताना तो स्वतः बांधला होता, लोंबकळून कंट्रोलमध्ये अडकू नये म्हणून.

पण मला खरं शिकवलं ते मार्च २०२४ मधल्या एका फसलेल्या फेरीने. लांब पल्ल्याची एकट्याची फेरी होती. हवामान बघितलं, उड्डाणाआधी लागणारे एडीसी (हवाई संरक्षणाची परवानगी) आणि एफआयसी (उड्डाण माहिती केंद्र) नंबर घेतले, नकाशावर रेघ आखली. हवामानाच्या कागदावर सगळं चांगलं होतं. वीस मिनिटांनी पुढची जमीन पुसट व्हायला लागली. उसाची तोड झालेली, शेतकऱ्यांनी पाचट पेटवलेलं, आणि तो धूर वारा नसल्याने थरासारखा बसलेला. खाली बघितलं तर रस्ता दिसत होता, पुढे बघितलं तर काही नाही. पुढच्या खुणेचा तलाव मिळायच्या वेळेला मिळाला नाही. मी आणखी तीन मिनिटं तसाच पुढे गेलो. ती तीन मिनिटं पुढे गेलो हे मला आजही पटत नाही. मग वळलो आणि परत आलो.

पाऊण तासाचे पैसे गेले, फेरी मोजली गेली नाही, पुन्हा करावी लागली, आणि तोवर वळीव सुरू झाल्याने ती पुढे ढकलली. पावसाळ्यात जवळपास काही उडता येत नाही, म्हणजे पाच महिने गेले. प्रशिक्षकाला सांगताना मान खाली होती. त्यांनी विचारलं, "किती वाजता शंका आली आणि किती वाजता वळलास?" मी खरं सांगितलं. ते म्हणाले, "ते तीन मिनिटांचं अंतर कमी करत राहा. बाकी सगळं तुला येतं."

शॉपमध्ये मी वीस वर्षं उलट वागत आलो होतो. पार्टीला तारीख दिली की मशीन कुरकुरत असलं तरी काम रेटायचं. स्पिंडलचा आवाज बदललाय हे कानाला कळायचं, हात थांबायचा नाही. त्या मार्चनंतर मी थांबायला लागलो.

---

रविवारची_वाट | सोमवार, रात्री १०:४८

मी उडत नाही, माझे मिस्टर शिकतायत. तुमच्या वहीत एक रकाना राहिलाय म्हणून लिहिते. दोन वर्षं आमच्या घरात रविवार नाही. पोराच्या गॅदरिंगला मी एकटी. ते परत येतात तेव्हा हवा खराब म्हणून उडलेलेही नसतात, आणि चेहरा बघून मी काही बोलत नाही. मला त्यांचा आनंद दिसतो, तो खोटा नाही. पण जो कुणी हे सुरू करेल त्याने बायकोला पैशाचा आकडा सांगतो तसा रविवारचाही आकडा सांगावा. आधी.

---

लेथवाला_उद्यमनगर | सोमवार, रात्री ११:१५

ताई, तुम्ही लिहिलंत ते माझ्या घरीही झालंय. २७ फेऱ्या म्हणजे २७ शनिवार-रविवार, आणि त्यातल्या नऊ फेऱ्यांत चाक जमिनीवरून उचललंच नव्हतं. हा रकाना आज वहीत घालतो. मिस्टरांना सांगा, तारीख आधीच्या रात्री हवामान बघून पक्की करायची, आणि महिन्यातला एक रविवार काहीही झालं तरी घरचा. मी हे उशिरा केलं.

---

जुना_पेठकर | मंगळवार, सकाळी ६:५५

चर्चा वाचतोय, छान चाललीय. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

आपल्याकडे हे वेड नवं नाही. राजाराम महाराजांनी उजळाईवाडीचा तळ १९३९ साली उभा केला. त्याच्या दहाच वर्षं आधी, १० फेब्रुवारी १९२९ ला, जेआरडी टाटांना मुंबईत परवाना मिळाला होता, देशात दिलेला क्रमांक एकचा. म्हणजे देशातला पहिला परवाना आणि कोल्हापूरचा विमानतळ यांत अंतर फक्त दहा वर्षांचं. नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं मार्च २०२४ मध्ये, त्याचं कौतुक आहेच, पण पोरांना हे जुनंही माहीत असू दे.

आणि राजारामपुरीच्या बाईंना. १९३६ साली सरला ठकराल यांनी लाहोरला एकटीने जिप्सी मॉथ विमान उडवलं. वय २१, अंगावर साडी, घरी चार वर्षांची मुलगी. त्यांना पुढे व्यावसायिक परवाना करायचा होता, तो युद्ध आणि पतीचं निधन यात राहून गेला. तुमच्या मुलीला आज अडवणारं काही नाही, फक्त पैसे आहेत, आणि त्याची वाट ही मंडळी दाखवतायत.

---

कागलकर_७ | मंगळवार, सकाळी ९:३०

दादा, एकच राहिलं. कोल्हापूरला कधी उतरलात का?

---

लेथवाला_उद्यमनगर | मंगळवार, रात्री ८:०५

उतरलो. राहिलेली ती लांबची फेरी डिसेंबर २०२४ मध्ये झाली आणि त्यातला एक थांबा कोल्हापूर होता.

सकाळची वेळ, हवा स्वच्छ. आधी जोतिबाचा डोंगर ओळखला, मग त्याच्या मागे पन्हाळा. पंचगंगा वरून इतकी वळणं घेते हे चाळीस वर्षं तिच्या काठी राहून मला माहीत नव्हतं. शिरोलीच्या फाउंड्र्यांची पत्र्याची छपरं उन्हात चमकत होती. त्यातल्या एका छपराखाली वडिलांनी ३१ वर्षं काढली, फेटलिंगला, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा घासायला. ग्राइंडरच्या आवाजाने त्यांचे कान गेलेत.

भाऊ त्यांना घेऊन तामगावच्या बाजूला कुंपणाबाहेर उभा होता. विमान येतंय हे त्यांना ऐकू येणार नव्हतं, म्हणून भावाने खांद्याला हात लावून दिशा दाखवायची असं ठरलं होतं. भाऊ सांगतो, हात लावायच्या आधीच त्यांनी बोट वर केलं होतं.

उतरणं काही फार चांगलं झालं नाही, एकदा उसळलं. पार्किंगला पंधरा मिनिटं मिळाली, त्यात बाहेर जाऊन भेटणं शक्य नव्हतं. कागद केला, तेल बघितलं, परत निघालो. रात्री फोन केला तेव्हा बाबांनी भावाकरवी विचारलं, "पहिल्यांदा टेकलं तेव्हा परत का उडालं?" मी म्हटलं, वेग जरा जास्त राहिला. ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी आधी कमी कर."

---

राजारामपुरी_आई | मंगळवार, रात्री ९:१२

दादा, काका, डॉक्टर, सगळ्यांचे आभार. आज रंगदृष्टीची चाचणी करून आलो, ठीक आहे. एकरकमीवाल्यांना नाही कळवलं. एप्रिलमधल्या दुपारचा एक तास ठरवतोय. ती म्हणते वजनाचा कागद ती स्वतः करणार, काकांनी तो एकदा तपासून द्यावा.

---

वायुदल_निवृत्त_काका | मंगळवार, रात्री ९:२०

पाठवा. पेन्सिलने करायला सांगा, खोडता आलं पाहिजे.